पासंग

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि समितीची सभा भरली.
बुरोंडीच्या शाळेत खुर्च्या चारच,
म्हणून सगळेच सतरंजीवर बसले.

विषय पहिला : पाचवीत नापास करायचं की नाही.
विषय दुसरा : शिष्यवृत्तीच्या नऊ मुलांना रोज जादा तास.
विषय तिसरा : पंखा.
पंखा दोन मिनिटांत मंजूर झाला.

तांबे बोलले. वरच्या आळीला त्यांची कलमं,
पण नातू इथंच शिकतो, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.
"ढकलत ढकलत वर नेता तुम्ही.
आठवीतला पोर पेट्यांवर नाव घालायला आला,
दापोलीची दापली करून गेला.
चाळीस पेट्या, बाई.
ही दया नाही, आळस आहे."

इम्तियाज मुकादम वीस वर्षं बोटीवर होते, हळू बोलतात.
"नापासाचा शिक्का घेऊन पोरगी घरी आली
की दप्तर खुंटीला लागतं.
माझ्या बहिणीचं लागलं. खुंटी अजून आहे."

मग समान संधी, दर्जा, शासन निर्णय
हे शब्द चहाच्या पेल्यांसारखे इकडून तिकडे सरकले,
आणि कुणीच शेवटपर्यंत प्यायलं नाही.

माझ्या मांडीवर पेपरांचा गठ्ठा.
सगळ्यात वर मनस्वी चोगले, पाचवी, गणित, गुण वीस.
तिने मिळवले होते चार.
मी दिले होते अकरा.
डिसेंबरभर ती वाळवणावर होती, सुकटीवरचे कावळे हाकलत,
आणि भागाकार आम्ही डिसेंबरात शिकवला.
सात गुण पदरचे घातले,
हिरव्या पेनानं,
आणि त्या रात्री मला छान झोप लागली होती.

तिची आई दाराशी होती, मासळीची पाटी बाहेर ठेवून.
ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं.
"बाय, ताजव्याचं एक पारडं हलकं असलं
तं आमी पासंग बांधतो.
दांडीला बांधतो.
मासळीत दगूड नाय घालत.
गिऱ्हाईक घरी जाऊन मापतं."

तिनं प्रगतिपत्रक काढलं, घडीत खवलं चिकटलेलं.
"हितं लिवलंय वर्गोन्नत.
पोरीला म्हटलं वाच,
तिला ता पण वाचता नाय आला."

"बरोबर! हेच म्हणतोय मी," तांबे पुढे सरकले.
तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.
"तुमचं नाय बरोबर.
तुमी तं पासंगच सोडा म्हणताव."

पंखा अजून यायचा होता. सगळे घाम पुसत बसले.

इतिवृत्तात मी लिहिलं :
सविस्तर चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत.
तिचं बोलणं कुठल्याच रकान्यात बसेना.

सोमवारी मनस्वीला पेपर परत दिला.
अकरावर काट मारलेली, शेजारी चार.
वाटलं, रडेल.
ती बराच वेळ त्या चाराकडे बघत राहिली,
कोण कुठला पाहुणा आला, तसं.
मग म्हणाली,
"बाई, मंग सोळा कुठं हायत?"

बस, म्हटलं. शोधू.
चौऱ्याऐंशी भागिले चार.
आठात चार किती वेळा, तिनं बोटं मिटली, उघडली,
भागाकाराची रेघ ओढली ती जरा तिरकीच.

गुरव गुरुजी पोषण आहाराचा हिशेब घेऊन तालुक्याला.
पाच वर्ग, आज मी एकटी.
भिंतीपलीकडे तिसरी-चौथी आपली आपण पाढे म्हणत होती,
मोठ्यानं, एका सुरात,
सतरा सख्खे एकशे दोन,
सतरा सत्ते एकशे सतरा,
आणि कुणीही थांबलं नाही.
मला ऐकू आलं.
मनस्वीची पेन्सिल चारावर आली होती.
मी उठले नाही.