चाळिसावं पान

वही मागायला दोघं आले.
त्यातल्या बाईच्या बुटांना चिखल होता.
तिनं ते दाराबाहेरच काढले, मी न सांगता.
तेवढ्यावरून मला कळलं, ही वही घेऊनच जाणार.

ओफीर क्रीकमध्ये एकतीस वर्षं
बाळं माझ्याच हातांत आली.
पाचशे बारा. त्यातली नऊ न रडणारी.
प्रत्येकाला एक ओळ, पानाला दहा, मागची बाजू कोरी:
तारीख, वजन, मुलगा की मुलगी,
नाळेचे वेढे किती,
बाहेर काय होतं — धुकं, गवताची कापणी,
लाकडाची गिरणी चालू की बंद.
आईचं नाव. आईचं वय.
बापाचा रकाना मी कधी आखलाच नाही.
आखून करायचं काय?
सगळ्या गावात आडनावं पाच.

बाई म्हणाली, "मिसेस पार्मेंटर..."
कुठली? मी विचारलं. या घरात चौघी आहोत.
थोरली मेल्डा, हिशोब तिच्याकडे.
दुसरी मी.
तिसरी आयोन, तिच्या पावाला गावात तोड नाही.
आणि चौथी आत बाळाला पाजतेय,
तिला उठवू नका.

आमच्यात सवत म्हणत नाहीत.
बहीण म्हणायचं, असं प्रवचनात ठरलेलं.
शब्द नसला की दुखणंही नसतं,
असं मला पुष्कळ वर्षं वाटे.
मग एका हिवाळ्यात त्याच्या पावलांचा आवाज
माझ्या दारावरून पुढच्या दारापर्यंत गेला
आणि मी भिंतीला पाठ लावून मोजे विणत बसले.
सकाळी पाहिलं, तीन झाले होते.

कायदा म्हणतो, एका वेळी एक.
देव म्हणतो, म्हणजे ब्रदर हायरमच्या तोंडून म्हणतो,
तिघींपेक्षा कमी असतील
तर पुरुषाला स्वर्गाचं दार अर्धंच उघडतं.
आमच्या दाराचं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पुरुष बोट ओलं करून पानं उलटत होता.
"एकोणचाळीस," तो म्हणाला,
"आणि मग एकेचाळीस."
शेगडीवर किटली होती. मी ती उगाच सरकवली.

गेल्या महिन्यात वरच्या वाडीतून मुलं नेली.
अकरा मुलं, आणि बस आल्या तीन.
रिकाम्या जागा बघून
आम्ही सगळ्या आपापल्या घरात पळालो होतो.

ते पान मीच कापलं. नाळेच्या कात्रीनं,
तेवढी धार घरात दुसऱ्या कशालाच नव्हती.
सात वर्षं ते तळघरात आहे,
जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांखाली, चार घड्यांत.
त्यावर दहा ओळी. नऊ निर्दोष.
एकीपायी त्या नऊ जणांचा जन्मही मी कापला.
सहावी ओळ:
मुलगी. सहा पौंड. बर्फ. गिरणी बंद.
आई, लोवायना. वय...
तिथे शाई फुटलीय, पण आकडा वाचता येतो.
दोन वेणांच्या मध्ये ती मला विचारत होती,
सोमवारी गणिताची परीक्षा आहे,
तोवर होईल ना?
होईल, मी म्हटलं होतं.

"पान गळालं असेल," मी म्हणाले.
जुन्या वह्यांची पानं गळतात.
बाईनं मान हलवली आणि काही लिहिलं नाही.
तिचं ते न लिहिणं मला सोसेना.

आतली झुलती खुर्ची थांबली.
लोवायना दारात आली, खांद्यावर तिसरं बाळ,
ब्लाऊजचं एक बटण चुकून वरच्या काजात.
बावीस वर्षांची आहे, हे मला हिशोब करून समजलं.
पाहुण्यांकडे तिनं पाहिलंच नाही.
"मुरंबा आणू?" तिनं मला विचारलं.
"खालच्या फळीवरचा. जुना."

इतकी वर्षं बरण्या पुसायचं काम
तिच्याकडेच होतं.

मी बाळ घेतलं. त्यानं माझ्या गळ्यावर ढेकर दिला.
दिव्याचं बटण डाव्या हाताला आहे, मी म्हटलं,
जसं काही तिला ठाऊक नव्हतं.