अडीच लिटर

कोल्हापूरच्या दुकानात तीन मशिनी ओळीनं उभ्या होत्या.
पहिली टाकीवाली. गरम पाणी सोडायचं, तेच परत ओढायचं,
पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यागत आवाज.
विकणारा म्हणाला, ताई, ही मुळापासून काढते.
वाळायला किती?
एक दिवस. पंखे लावले तर.
पंखे लावले तर!
मार्केट यार्डात सकाळी दहाला सौदे सुरू होतात.

दुसरी एका चकतीची, खाली ओली कापडी गादी.
स्वस्त. पण मळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवते,
आणि नवखा हात दिसला की
लग्नाच्या घोड्यासारखी भिंतीकडे ओढते.

तिसरी बुटकी. पोटाखाली दोन आडवे ब्रश,
एकमेकांच्या उलटे फिरणारे,
झोपलेले धागे उभे करणारे.
टाकी नाहीच. पाणी आपण मारायचं,
द्राक्षबागेत मारतात तसल्या पंपानं.
तासगावच्या मामाचा पंप घरी पडून होता,
पण त्याचा औषधाचा वास गेला नाही,
म्हणून तोही नवाच घेतला.

तीनशे चौरस फुटांना अडीच लिटर.
इलाही हसला. एवढ्यात आमचा म्हातारा दाढी करतो, म्हणाला.
मी काही बोलले नाही.
आमच्या गावभागातल्या घरात
पुराची रेघ अजून छातीएवढ्या उंचीवर आहे.
रंग दिला तीनदा, ती तीनदा वर आली.
पाणी किती आत जातं
आणि जाताना खालचं काय काय वर आणून ठेवतं
हे मला पुस्तिकेत वाचावं लागलं नाही.

पहिलं काम आदगोंडा शेटच्या पेढीवर.
वरच्या मजल्यावर एसी, राखाडी गालिचा,
दारापासून गादीपर्यंत हळदीची पिवळी वाट.
आधी कोरडा व्हॅक्युम, तासभर,
कारण बहुतेक मळ कोरडाच असतो
आणि भिजवला की मगच तो हट्टाला पेटतो.
मग फवारा. मग ब्रश.
औषध वाळताना मळाभोवती काटा धरतं,
कढईत तिळावर हलवा फुलतो तसा,
सकाळी ते काटे ओढून घ्यायचे.

सकाळी वाट लाल झाली होती.

हळदीला खार लागला की कुंकू होतं,
हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं,
बाटलीला माहीत नव्हतं.
मुनीम जिना चढून आला,
लाल पावलं बघितली,
आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथंच थांबला.
इलाही म्हणाला, पळूया.

पळालो नाही. लिंबाच्या सत्त्वाचं पाणी,
तेही फवाऱ्यानंच, हात आवरून.
लाल परत पिवळं झालं. तेवढंच. पिवळं राहिलं.
मग मी पूर्वेची खिडकी बघितली,
जाड पडद्यामागं वर्षानुवर्षं बंद.
शेट, पंधरा दिवस पडदा उघडा ठेवा.
एवढ्याचे पैसे?
ऊन फुकट आहे, म्हटलं, बाकीच्याचे द्या.

हळदीला ऊन सोसत नाही.
साडी वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.
बाराव्या दिवशी वाट फिकट,
सोळाव्या दिवशी मलाच शोधावी लागली.
गादीच्या कडेला एक टाच राहिली आहे थोडी,
तिथं ऊन पोचत नाही. ती तशीच आहे.

वर्षाचा दर ठरवायला शेटनी टॉवेल घेतला,
जुन्या सौद्यासारखा, माझ्या हातावर टाकला.
बाईमाणूस म्हणून त्यांचा हात आधी अडखळला.
मी चार बोटं दाबली. चौरस फुटाला चार.
त्यांनी एक बोट सोडवून घेतलं.
मी ते परत पकडलं.