चौसष्ट

क्रिमिट्शाउ, प्लाइसे नदीच्या अलीकडे,
तिसरा मजला. लिफ्ट नाही,
हे मी जिना चढतानाच लिहून घेतलं.

एल्फ्रीडे लोरेंत्स, वय शहाऐंशी.
दार त्यांनी स्वतःच उघडलं. इस्त्रीचा ब्लाउज,
पहिलं बटण दुसऱ्या काजात,
आणि मग खालपर्यंत सगळाच एक घर सरकलेला.
टेबलावर ताज्या आलुबुखारांचा केक.
पाहुणी समजल्या मला.
मी विम्याकडून आलेली,
माणूस किती उरलंय ते मोजायला.
असं म्हणायचं नाही, प्रशिक्षणात सांगतात.
म्हणायचं : मदत किती लागेल ते बघायला.

माझे प्रश्न चौसष्ट.
आंघोळ एकट्यानं? मोजे? गोळ्या कोण काढून देतं?
रात्री?
"रात्री झोपते," बाई म्हणाल्या. "दुसरं काय करतात रात्री?"

मुलगी, आनेग्रेट, माझ्या पाठीमागे खिडकीपाशी.
परवा फोनवर तीच रडली होती :
आई पहाटे तीनला कोट चढवते,
पाळी चुकेल म्हणते, दार धडकते.
गिरणी बंद पडून तीस वर्षं उलटली.

आज वार कोणता?
बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, जराशा थांबल्या.
"गुरुवार."
महिना?
"सप्टेंबर."
जन्मसाल, गल्लीचं नाव, सकाळी काय खाल्लं,
सगळं चोख.
मी पेन्सिलीनं शून्य मांडत गेले. शून्य, शून्य.
आमच्याकडे शून्य म्हणजे उत्तम.
शून्य म्हणजे काहीच मिळणार नाही.

मग कपाटाच्या काचेत दिसलं :
आनेग्रेटचे ओठ.
आवाज नाही. नुसते ओठ.

केक कापताना बाईंनीच सांगितलं होतं मघाशी
(एकच तुकडा तीनदा कापला त्यांनी) :
सदतीस वर्षं मागावर,
शेडमध्ये स्वतःचा खोकला ऐकू येत नसे,
म्हणून बायका ओठांवरच बोलत.
कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा पितो,
या टोकाची बातमी त्या टोकाला,
आणि मुकादमाला पत्ता नाही.

फोनवर रडलेली ती,
आता परीक्षेत कॉपी पुरवत होती आईला.

"थोडी कॉफी मिळेल?" मी विचारलं.
कॉफी मला चालत नाही. पोट बिघडतं.
आनेग्रेटनं काचेतून माझ्याकडे पाहिलं.
कळलं तिला.
गेली.

वार कोणता, फ्राउ लोरेंत्स?

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या,
माझ्याच ओठांवर कुठं सापडतंय का.
मी ओठ मिटून धरले. अकरा वर्षांत तेवढं शिकलेय.
त्यांचा उजवा हात टेबलावरून उठला,
हवेत कुठलंसं टोक चिमटीत धरलं,
अंगठा तर्जनीवरून एकदा फिरला, खाली, आत,
गाठ.
एवढी बारीक की कापडात दिसू नये.
बोटांचं काहीच विसरलं नव्हतं.

"बंद का केलेत माग?" त्या म्हणाल्या.
"एवढी शांतता बरी नव्हे."

स्वयंपाकघरात नळ वाहत होता.
तीन कप विसळायला इतका वेळ लागत नाही.

मी शून्य खोडायला घेतले.
शून्याच्या जागी दोन, काही ठिकाणी तीन.
खोडरबराचा भुगा बशीत पडला.
बाईंनी बोट ओलं केलं, केकचा चुरा समजून तो टिपला,
तोंडाकडे नेला.
मी त्यांचं मनगट धरलं.
खायचं काय, न खायचं काय, ओळखता येतं?
तो प्रश्न अजून विचारायचाच होता मी.

आनेग्रेट कॉफी घेऊन आली. डोळे धुतलेले.
साखर विचारली नाही, दूध विचारलं नाही.

प्यायले.
कप रिकामा होईतो.