डाग

आर्ब्रोथला चर्चमागच्या हॉलात गुरुवारी बिंगो असतो.
गेल्या खेपेला माइक 'चाळीस' म्हणाला
आणि पुढचा आकडा त्यानं गिळला.
दोन म्हाताऱ्या एकदमच 'हाउस' ओरडल्या.
अजून बोलत नाहीत एकमेकींशी.

म्हणून आज दोन तास आधी
ईशबेल गेडीजनं माझ्यापुढे वायरचं वेटोळं टाकलं.
'तू फोनच्या कारखान्यात होतीस ना?'
होते. सातारा रोडला, नऊ वर्षं.

गन तापेपर्यंत वायर चाचपत गेले.
प्लगच्या मानेपाशी मोडली होती,
सगळ्या तिथेच मोडतात.
सोलली. आत लाल, पांढरी,
भोवती तांब्याची विस्कटलेली जाळी.
ती पिळून घेतली, वातीसारखी.
राळेचा धूर नाकात गेला
आणि वाटलं, आता जेवणाची घंटा होईल.

आम्ही याला डाग देणं म्हणतो, मी सांगितलं.
'डाग म्हणजे?'
शाईचा पडतो तो. सोन्याचा घालतात तो.
विमानतळावर मोजतात तोही.
ईशबेलनं गेल्या आठवड्याची तिकिटं बघितली,
गोल गोल निळ्या ठिपक्यांनी भरलेली.
'म्हणजे आम्ही दर गुरुवारी तेच करतो.'

तिन्ही टोकं चकचकीत बसली.
फुंकर मारायची नाही, साळवीबाई हातावर चापट मारत:
थंड डाग वरून शहाणा दिसतो.
आणि मग दिसलं,
प्लगचं टोपण टेबलावरच.

ते आधी ओवायचं असतं वायरीत.
आधी.
नऊ वर्षं हेच केलं मी.
एक शिवी दिली. ईशबेलनं अर्थ विचारला नाही,
चहा ठेवायला गेली.
सगळं वितळवलं. टोपण ओवलं. पुन्हा.

'बोल काहीतरी,' पार मागच्या भिंतीशी जाऊन ती म्हणाली.
काय बोलणार.
सतरा वर्षं या गावात हळू बोलत आलेय,
तेही आधी मनात जुळवून.
एकोणसाठ, म्हटलं.
एकोणसाठ, हॉल म्हणाला, थेट छतातून.
त्र्याऐंशी.
सदतीस.
वायर गदागदा हलवली. खरखर नाही.
एकोणसाठ, परत एकदा, उगाचच.

दारात मिस्टर क्रेगी उभे होते,
लवकर आलेले, अंगात ओला कोट,
हातात शाईची बाटली, बूच काढलेली.
'मधला पुन्हा सांग,' ते म्हणाले,
'तो माझ्याकडे असावा.'