वाळा

सुजातला एक रात्र ताप आला.
सकाळी म्हणे, पोहे काहून नाही केले?
पॉझिटिव्हच्या यादीत
त्याच्या खालीच माझं नाव.
मी सतरा दिवस मेडिकलमध्ये,
नळीच्या टोकाला.

इंदोऱ्यात बेचाळीस डिग्री.
त्याच्या आईनं कूलरला नवा वाळा लावला.
व्हिडिओ कॉलवर पोट्टा उड्या मारत:
बाबा, वास घ्या ना!

घरी आलो. चौदा पायऱ्यांत तीनदा बसलो.
तेवढ्यात तो वर-खाली दोनदा,
एकदा माझी चप्पल घेऊन, एकदा उगाच.

रात्री, लाइट मालवल्यावर विचारतो,
बाबा, माझ्यातूनच आला का तुमच्यात?

कूलर घरघरतो.
वाळ्याचा वास मला अजून येत नाही.
मी म्हणतो, काय मस्त सुटलाय बघ.
झोप.