वरचा, खालचा

नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला, म्हणाली, आता बोलू नका.
एकशे अठ्ठावन्न. खाली शहाण्णव.
गोळी आहेच, मिस्टर खवरे, पण चाला. रोज अर्धा तास.

बत्तीस वर्षं हडर्सफील्डच्या गिरणीत
मागांच्या मधून चाललोच होतो की,
तुटला धागा शोधत, पाळीला चार-पाच मैल.
ते कुणी मोजलं नाही.

सरोजिनीने वहीत तीन रकाने आखले:
वरचा, खालचा, पावलं.
अक्षर दुधाच्या हिशेबाचं.
सकाळी मी मशीन लावून आकडा ओरडायचो,
ती ओट्यापाशी उभ्या उभ्या लिहायची.

चौथ्या दिवशी एकशे चौसष्ट आला.
मी ओरडलो, एकशे छत्तीस!
का, ते आजही सांगता येणार नाही.
कुकरची शिट्टी झाली, तिने लिहिलं,
आणि तो आकडा घरात राहायला आला,
पाहुण्यासारखा.
त्याची उठबस आता मलाच करायची होती.

म्हणून चालायला लागलो.
तब्येतीसाठी नाही, थाप पचावी म्हणून.
कालव्याच्या काठाने मिल्न्सब्रिजपर्यंत, जाऊन येऊन.
खाजकुयलीसारखी ती इथली झुडपं, बदकांची घाण,
आणि जलद्वाराचे काळे दांडे, टोकं पांढरी रंगवलेली.
एकदा एक बोटवाली त्या दांड्याला पाठ लावून
नुसती उभी होती.
मी म्हटलं, हात लावू का?
हसली. जोराचं काम नाही हे.
दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं
की दार आपणच हलतं.
आम्ही दोघं पाणी बघत थांबलो.
दहा मिनिटं तरी गेली असतील.

एकशे बावन्न, सांगितला अडतीस.
एकशे सत्तेचाळीस, सांगितला अडतीसच.
थाप झिजत चालली
न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीसारखी.
अकराव्या आठवड्यात एकशे एकोणचाळीस आला,
आणि मी खरा आकडा ओरडलो,
जरा जास्तच मोठ्याने.

ती हात पुसत बाहेर आली.
म्हणाली, या मशीनला आठवण असते.
हे बटण दाबलं की मागचे सगळे दिसतात.
वही पुढे केली.
माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी, पेन्सिलीने, बारीक,
दुसरा आकडा.
चौथ्या दिवसापासून.

मग बोलली का नाहीस?

चालत होता ना तुम्ही.

खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली,
बाही वर सारली, म्हणाली, आता माझं बघा.
इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.
पट्टा फुगला, थांबला, सुस्कारा टाकत बसला.
आकडा आला.
पेन्सिल तिच्या हातातच होती.

किती?

आधी बूट घाल, मी म्हणालो.