बिनवासाचा डबा

इतवारीच्या दुकानात दोन डबे:
एक नेहमीचा,
दुसऱ्यावर हिरवं पान आणि सोळाशे रुपये जास्त.
सोळाशेत कूलरची खस बदलून झाली असती,
मे महिना डोक्यावर.
पण सुनेला सातवा लागलाय,
घेतला पानवाला.

उरकुडे पेंटरनं झाकण उचकटलं.
मी वाकून हुंगलं. खरंच, काही नाही.
"वास नाही ना हो याला?"
तो काडीनं ढवळत राहिला.
"मले नका इचारू, बाई.
माह्यं नाक ऑइल पेंटनं कवाच नेलं.
भाजी करपली, तं बायको बोंबलते तवा समजते."

दुपारभर भिंत पिस्त्याच्या रंगाची होत गेली.
तो खोकत होता, सवयीनं.

रात्री वहीत सोळाशे मांडले.
कशापायी, ते लिहायचं राहिलं.